गाडीचा मिस्त्री कसा निवडावा? सोलापूरच्या कुटुंबांसाठी काही कामाच्या गोष्टी

सोलापुरातल्या आपल्या कितीतरी घरांत पहिली चारचाकी येते ती सेकंडहँड. कुणी भिशी उचलून घेतो, कुणी दागिना गहाण ठेवून, कुणी दोघा-तिघा भावांत मिळून. शोरूमची वॉरंटी कधीच संपलेली असते. मग त्या गाडीच्या आणि घरखर्चाच्या मध्ये एकच माणूस उभा असतो, तो म्हणजे मिस्त्री. तो चांगला भेटला तर जुनी गाडीही वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. चुकीचा भेटला तर दर महिन्याला नवीन खर्च, आणि शेवटी गाडी भंगारच्या भावात विकायची पाळी.

प्रश्न नुसत्या पैशांचाही नाही. हीच गाडी अम्मीला रात्री दवाखान्यात नेते. हीच गाडी लेकरंबाळं घेऊन गुलबर्ग्याला बंदेनवाजच्या जियारतीला जाते, विजापूरच्या लग्नाला जाते, हैदराबादला नातेवाईकांकडे जाते. ब्रेकचं काम कच्चं राहिलं तर त्याची किंमत हायवेवर मोजावी लागते. म्हणून "चांगला मिस्त्री कोण?" हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. आम्ही इथे कुणाचं नाव सुचवणार नाही. नावं बदलतात, उस्ताद म्हातारे होतात, गॅरेजं जागा बदलतात. मिस्त्री पारखायचा कसा, ते मात्र एकदा समजलं की जन्मभर कामाला येतं.

"आपला माणूस आहे" एवढं पुरेसं नाही

आपल्याकडे मिस्त्री निवडायची सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे ओळख. मामूच्या मेहुण्याचं गॅरेज आहे, मशिदीत रोज भेटतो, आपल्यातलाच आहे. ओळखीचा फायदा आहेच. ओळखीच्या माणसाला तोंड दाखवायचं असतं, तो सहसा उघड उघड फसवत नाही. पण नियत साफ असणं आणि काम येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत तरबेज असलेला नेक माणूस सेन्सरवाल्या गाडीत अंदाजाने पार्ट बदलत बसला, तर खिसा आपलाच रिकामा होतो. आणि ओळखीच्या माणसाला बिल मागायला, जुना पार्ट दाखव म्हणायला आपल्याला संकोच वाटतो. पुढे त्याच संकोचातून नाती बिघडतात.

ओळख असू द्या, पण पारखायचं ते काम. आणि शिफारस विचारताना "गॅरेज कसं आहे?" असं मोघम विचारू नका. असं विचारा: तुमची गाडी कोणती? काय काम केलं? किती दिवस झाले? तोच बिघाड परत आला का? परत आला तेव्हा मिस्त्री काय म्हणाला? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात सगळं येतं. काम कधीतरी सगळ्यांचंच चुकतं. चुकल्यावर गाडी परत घेऊन बघतो, तो मिस्त्री ठेवण्यासारखा.

टॅक्सी, शाळेची व्हॅन, टेम्पो चालवणाऱ्यांना जरूर विचारा. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्यांची रोजी बुडते. ते ज्याच्याकडे वर्षानुवर्षं जातात, तो कामाचा असतोच.

कोणत्या कामाला कोण

एकच माणूस सगळं करतो असं म्हणत असेल तर जरा थांबा. इंजिन, क्लच, गिअरबॉक्सचा मिस्त्री वेगळा असतो. वायरिंग, सेल्फ, अल्टरनेटरचं काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं, म्हणजे आपल्या भाषेत वायरमनचं. डेंटर आणि पेंटर वेगळे. एसीवाला वेगळा. व्हील अलाइनमेंट मशीनवरच होतं, नजरेने नाही. चांगला मिस्त्री "हे माझं काम नाही, त्यांच्याकडे न्या" असं सरळ सांगतो. हे वाक्य ऐकलं की समजा, माणूस भरवशाचा आहे.

पहिल्याच भेटीत इंजिन खोलायला देऊ नका. आधी तेल आणि फिल्टर बदलणं, ब्रेक साफ करणं असं छोटं काम द्या. वेळेवर देतो का, सांगितलेलीच रक्कम घेतो का, गाडी उगीच इकडेतिकडे फिरवतो का, हे एवढ्यात कळतं. प्रवासाच्या किंवा ईदच्या आदल्या दिवशी मात्र नवीन मिस्त्री शोधू नका. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला सगळेच जास्त सांगतात.

गाडी गरम होते: मिस्त्रीची खरी परीक्षा

सोलापूरचा उन्हाळा आपल्याला माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो आणि गॅरेजांत एकच तक्रार वाढते, "गाडी गरम होतेय." मिस्त्री कसा आहे हे या एका तक्रारीवरून ओळखता येतं.

गाडी गरम व्हायची कारणं बरीच आहेत, आणि ती स्वस्त ते महाग अशी लावता येतात. कूलंट कमी झालंय. पाइप किंवा क्लिप गळतेय. फॅनचा फ्यूज किंवा रिले गेलाय. फॅनची मोटर बंद आहे. थर्मोस्टॅट अडकलाय. वॉटर पंप गेलाय. रेडिएटर चोक झालाय. आणि सगळ्यात शेवटी हेड गॅस्केट. पहिल्या काही गोष्टी थोडक्या पैशांत होतात. शेवटचीला इंजिन खोलावं लागतं आणि खर्च हजारोंत जातो.

जाणता मिस्त्री आधी प्रश्न विचारतो. गाडी कधी गरम होते? सिग्नलला, गर्दीत उभी असताना गरम होते आणि हायवेला लागली की बरी होते, तर संशय फॅनवर. गर्दीत ठीक, पण हायवेला वेगात काटा चढतो, तर संशय रेडिएटर किंवा वॉटर पंपावर. बाहेर कुठे गळती नाही तरी कूलंट कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, तेल दुधाळ झालंय, तर मग हेड गॅस्केटचा संशय रास्त आहे. काहीच न विचारता, बॉनेट उघडताच जो "इंजिन खोलावं लागेल" म्हणतो, त्याला "बरं, विचार करून सांगतो" म्हणून गाडी बाहेर काढा. उलट "पयले देखता, फिर बोलता" म्हणणाऱ्या उस्तादाला वेळ द्या.

दोन सल्ले कुणीही दिले तरी मानू नका. पहिला, "थर्मोस्टॅट काढूनच टाकू, आपल्या हवेत त्याची गरज नाही." गरज आहे. थर्मोस्टॅट इंजिनाला योग्य तापमानावर आणून तिथेच ठेवतो. तो काढला की इंजिन बराच वेळ थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि झीज वाढते. मूळ दोष झाकला जातो तो वेगळाच. दुसरा सल्ला, "कूलंट कशाला, पाणी टाका." आपल्या शहरात नळाचं पाणी रोज येत नाही, म्हणून हाताशी असतं ते बोअरचं, आणि ते जड असतं. बादलीला, गिझरला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि रेडिएटर चोक होतो. कूलंट कंपनीने सांगितलेलंच घ्या. ते मिसळून वापरायचं असेल तर डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा. रस्त्यात अडल्यावर साधं पाणी टाकावं लागलं तर टाका, पण घरी आल्यावर ते काढून घ्या. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका; उकळतं पाणी तोंडावर उडतं.

एसी, बॅटरी आणि पंक्चर

"एसीचा गॅस संपलाय" हे दर उन्हाळ्यात ऐकू येतं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांतच फिरत राहतो. बऱ्याच वर्षांत थोडा कमी होतो, हे खरं. पण गेल्या वर्षी भरलेला गॅस यंदा संपला असेल तर कुठेतरी गळती आहे. मिस्त्रीला विचारा, "लीकेज कुठं आहे ते आधी शोधणार का?" लीकेज न शोधता गॅस भरणारा पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक पक्कं करून ठेवतो.

गाडी सकाळी सुरू होत नाही म्हणून लगेच नवी बॅटरी घेऊ नका. मीटर लावायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीत साधारण १२.५ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू केल्यावर आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. तो वर चढलाच नाही तर दोष अल्टरनेटरकडे असू शकतो. तसं असेल तर नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल.

हायवेवर ट्यूबलेस टायरचं पंक्चर काढताना समोर उभे राहा. साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे आले की तेवढं एक भोक दाखवायला सांगा. टोचा आपल्या नजरेसमोरच टायरला लागला पाहिजे. एका पंक्चरची चार पंक्चरं होण्याचे किस्से प्रवासी उगीच सांगत नाहीत.

स्कॅनरबद्दलही एक गोष्ट लक्षात असू द्या. डॅशबोर्डवर इंजिनाची पिवळी खूण पेटली की मिस्त्री ओबीडी स्कॅनर लावतो आणि एक कोड येतो. कोड म्हणजे निदान नव्हे. "ऑक्सिजन सेन्सर" असा कोड आला तरी दोष कधी वायरमध्ये असतो, कधी दुसरीकडेच. कोड वाचून लगेच पार्ट मागवणारा आणि कोडनंतर वायर, जोड, दाब तपासणारा, या दोघांत फरक करा.

पार्ट, तेल आणि जुनी पिशवी

बाजारात पार्ट तीन प्रकारचे मिळतात. एक, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला जेन्युइन. दोन, जी कंपनी मोटार कंपन्यांना पार्ट पुरवते तिचाच, तिच्या स्वतःच्या नावाच्या डब्यातला. हा बहुतेक वेळा तितकाच चांगला आणि थोडा स्वस्त असतो. तीन, डुप्लिकेट. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायमिंग बेल्टच्या बाबतीत तिसऱ्या प्रकाराकडे फिरकू नका. दाराचं हँडल किंवा आरशाचं कव्हर लोकल चाललं तरी बिघडत नाही. मिस्त्रीने कुठे पैसे वाचवता येतात आणि कुठे वाचवू नयेत हे स्वतःहून सांगितलं, तर तो तुमचा विचार करतोय.

म्हणून तीन सवयी लावून घ्या. पार्टचा डबा आणि त्यावरची एमआरपी बघा. बदललेले जुने पार्ट पिशवीत घालून परत मागा. त्यात संशय घेण्यासारखं काही नाही, चांगला मिस्त्री ते न मागता दाखवतो. इंजिन ऑइलचा डबा समोर फोडायला सांगा. कोणत्या ग्रेडचं आणि किती लिटर ऑइल लागतं ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण तीन-साडेतीन लिटर लागतं. बिलात पाच लिटर दिसले तर विचारा. पुस्तकात नसलेली "इंजिन कोटिंग", "फ्लशिंग" वगैरे कामं नम्रपणे नाकारा.

खर्च आधी, कागदावर

तोंडी हिशेबाने सगळ्यात जास्त भांडणं होतात. काम सुरू होण्याआधी व्हॉट्सअपवर तीन ओळी लिहून घ्या: काय काम, पार्टचे किती, मजुरी किती. "यापेक्षा जास्त लागलं तर आधी फोन करा" हेही लिहा. मिस्त्रीला लिहायचा कंटाळा असेल तर तुम्हीच लिहून पाठवा आणि त्याचा "हो" घ्या. पुढे वाद झाला तर हाच पुरावा.

बिलात जीएसटी लावला असेल तर बिलावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी नंबर हवा. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो. नोंदणी नसलेल्या छोट्या गॅरेजला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. नोंदणी नसणं हा काही गुन्हा नाही, छोट्या व्यवसायाला तशी सूट आहे. पण नंबर नाही आणि तरी "टॅक्स" म्हणून पैसे मागतात, हे चालत नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर "बाहेर हात लावला की वॉरंटी संपली" असं शोरूमवाले सांगतात. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला होता. सुटे पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मिस्त्रींना मिळू द्या, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं त्यात म्हटलं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. व्यवहारात सांगायचं तर वॉरंटी असेपर्यंत मोठी कामं शोरूममध्येच करा आणि प्रत्येक सर्व्हिसचा कागद जपा. वॉरंटी संपल्यावर बाहेरचा चांगला मिस्त्री बहुतेकदा परवडतो.

अमानत दोन्हीकडून

गाडीची चावी मिस्त्रीच्या हातात देणं म्हणजे अमानत सोपवणं. हे आपण दीनमध्ये शिकतो, आणि देशाचा कायदाही जवळपास तेच सांगतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ नुसार, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती एखादा समंजस माणूस स्वतःची वस्तू सांभाळेल तशी सांभाळली पाहिजे. गॅरेजमध्ये गाडीला खरचटलं, टेप गेला, तर "आम्हाला काय माहीत" हे उत्तर पुरेसं नाही. तरी गाडी देताना किलोमीटरचा आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढा, चारही बाजूंनी गाडीचा फोटो काढा आणि कागदपत्रं, पैसे बाहेर काढून घ्या.

याच कायद्याचं कलम १७० मिस्त्रीच्या बाजूने आहे. केलेल्या कामाची ठरलेली मजुरी मिळेपर्यंत गाडी ठेवून घ्यायचा हक्क त्याला आहे. आणि इथे आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे. ओळखीचा मिस्त्री म्हटला की "पुढच्या महिन्यात देतो" म्हणायचं, ठरलेल्या मजुरीत शेवटी दोनशे कापायचे, पार्ट उधारीवर टाकायला लावायचे, हे सर्रास चालतं. मग तोही पुढच्या वेळी आकडा फुगवूनच सांगतो. मजुरी वेळेवर द्यायला आपण चुकलो, तर इमानदारीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? चांगला मिस्त्री टिकवायचा असेल तर त्याचा हिशेब त्याच दिवशी चुकता करा.

फसवणूक झालीच तर

आधी त्याच मिस्त्रीकडे शांतपणे जा, कागद दाखवा, काम परत करून मागा. बरेच वाद इथेच मिटतात. ऐकलंच नाही तर दुसऱ्या जाणत्या मिस्त्रीकडून दोष लिहून घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करा. पुढचा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेची तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. मात्र बिल किंवा लेखी पुरावा नसेल तर बाजू कमजोर पडते. म्हणून ते तीन ओळींचं व्हॉट्सअप विसरू नका.

गॅरेजमधला पोरगा

शेवटची पारख थोडी वेगळी आहे. गॅरेजमध्ये गेल्यावर पाना आणून देणाऱ्या पोराकडे बघा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातात "ट्रायल मारून ये" म्हणून आपल्या गाडीची चावी गेली आणि काही घडलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली गाडीचा मालकही दोषी धरला जाऊ शकतो. त्यात २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि बारा महिन्यांसाठी गाडीची नोंदणी रद्द, अशी शिक्षा आहे. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे मालकालाच सिद्ध करावं लागतं. म्हणून गाडी देतानाच सांगा, "ट्रायल उस्ताद स्वतः घेतील किंवा लायसनवाला माणूस घेईल."

पण हा विषय कायद्यापुरता नाही. ती पोरं बहुतेक आपल्याच मोहल्ल्यातली आहेत. उस्तादाच्या हाताखाली शागीर्द तयार व्हायचा, हात काळे करून कसब यायचं, ही परंपरा मोठी आहे. तिने कितीतरी घरं चालवली. मात्र १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, त्यांच्यात सेन्सर आणि कंप्युटर वाढले. आता इलेक्ट्रिक गाड्याही रस्त्यावर आहेत. त्यांत शेकडो व्होल्टची बॅटरी असते, तिथे अंदाजाने हात घालणं जिवावर बेतू शकतं. सर्किटचा नकाशा वाचता न येणाऱ्या पोराला उद्या फक्त धुण्या-पुसण्याचं काम उरेल.

दहावी झाल्यावर आयटीआयमध्ये "मेकॅनिक मोटर व्हेईकल" हा दोन वर्षांचा ट्रेड करता येतो. जे आधीच काम शिकलेत, त्यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देण्याची सोय सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आहे. ज्या उस्तादाने आपल्या शागीर्दाला शाळेत पाठवलंय, आयटीआयचा फॉर्म भरून दिलाय, त्याच्याकडे आपली गाडी न्या आणि त्याने सांगितलेली मजुरी घासाघीस न करता द्या. दहा-पंधरा वर्षांनी आपल्या मुलांनाही गाडी दाखवायला कुणीतरी जाणता माणूस लागणारच आहे.